‘माणूस भला आहे’ असं मी लिहून दिलं

फेब्रुवारी 2020 मधली गोष्ट आहे. टाळेबंदीला अजून महिना होता. आमच्या तालुक्याच्या ठाण्यातले जमादार संध्याकाळी घरी आले. आमच्या मोहल्ल्यातल्या एका व्यापाऱ्याने रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला होता आणि त्याच्या चौकशीसाठी आजूबाजूच्या दोघा-तिघांचं बयान लागत होतं. मी निवृत्त शिक्षक. गावात निम्म्या लोकांना मी शिकवलेलं. अशा कामाला लोकांना मास्तर आठवतोच.

“सर, माणूस कसा आहे?” जमादारांनी विचारलं.

“भला माणूस आहे,” मी म्हणालो. “व्यवहाराला चोख आहे. भांडणतंट्यात नसतो. जमातीच्या कामात पुढे असतो.”

त्यांनी तसं लिहिलं, मी सही केली. चहा झाला. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं.

मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. तो सोयाबीन आणि कापसाचा व्यापार करतो. मोंढ्यातून रोकड घेऊन येताना रस्त्यात त्याला एकदा दोघांनी अडवलं होतं, तेही खरं. शस्त्र मागण्याचं त्याचं कारण खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट मी सांगितली नाही. तो बायकोला मारतो, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आधीच्या रमजानमध्ये भाभी आमच्याकडे इफ्तारीचं ताट घेऊन आल्या, तेव्हा त्यांचं उजवं मनगट सुजलेलं होतं. ताट त्यांनी डाव्या हातावर तोलून धरलं होतं. माझ्या बायकोने विचारलं, तर “नल के पास फिसल गई” म्हणाल्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. नळापाशी कोण घसरतं आणि केव्हा घसरतं, ते आम्हाला ऐकू येतं.

जमादारांनी मला हे विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात राहावी, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, तसंच मीही मनाशी म्हणालो.

परवाना मिळाला. रिव्हॉल्व्हर आली. ती कधी कुणावर चालली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाने पुढे गोळीची वाट पाहू नये. रस्त्यात कुणी त्याला पुन्हा अडवलं नाही. ती घरातल्या कपाटात राहिली. साधारण वर्षभराने भाभी माझ्या बायकोला म्हणाल्या, “अब मारते नहीं. बस अलमारी की तरफ देखते हैं.”

हे वाक्य बायकोने मला रात्री सांगितलं. त्या रात्री मला माझं बयान आठवलं, आणि त्यानंतर ते विसरता आलेलं नाही. हा लेख त्या सहीबद्दल आहे. भाभींच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

*

आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही. 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली: अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्राचा हक्क आहे, आपल्या घटनेत तो कुणाला दिलेला नाही. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. जिल्ह्यात ती जिल्हाधिकारी देतात, पोलिसांच्या अहवालावरून. 2016 च्या नियमांनी त्यात शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र आणलं. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीत आलं.

मग बायकोवर हात उचलणाऱ्याचं काय? या कायद्याचं कलम 9 सांगतं की काही माणसांना शस्त्र मिळणारच नाही. वय 21 पूर्ण नसलेला. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेला, शिक्षा भोगून झाल्यावर पाच वर्षांपर्यंत. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉन्ड ज्याच्याकडून घेतला आहे असा, बॉन्डच्या मुदतीपुरता.

वरवर पाहता मारकुटा नवरा यात बसतो. प्रत्यक्षात बसत नाही, कारण त्याला शिक्षाच होत नाही. 498अ खाली, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, गुन्हा नोंदवायला किती जणी ठाण्यापर्यंत जातात? ज्या जातात त्यांच्या प्रकरणात दोन्हीकडची माणसं बसतात, मुलांकडे बघा म्हणतात, आणि आपसात मिटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हे प्रमाण दहात तीनच्या जवळ आहे. यातल्या कितीजणींचे नवरे शिक्षा भोगून आले असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा.

शिक्षा झाली नाही तरी अधिकाऱ्याच्या हातात काही नाही असं नाही. कलम 14 प्रमाणे अर्जदार ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ वाटला तर परवाना नाकारता येतो, आणि कलम 17 प्रमाणे त्याच कारणाने दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. पण ‘अयोग्य’ म्हणजे काय, ते कायद्याने सांगितलेलं नाही. नुसता खटला चालू आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. त्यामुळे अधिकारीही विचार करतो: पुरावा नाही, शिक्षा नाही, बयानं चांगली आहेत, नाही कशाला म्हणायचं? ती चांगली बयानं माझ्यासारख्यांनी दिलेली असतात.

*

आता दुसरा कायदा पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा अधिनियम 2005 साली झाला आणि ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे. ‘हा कायदा आपल्याला नाही, आपल्याला शरीयत आहे’ असं अजूनही आपल्यातले काहीजण बायकांना सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नंतर तलाक झाला तरी आधीच्या हिंसेबद्दल या कायद्याखाली दाद मागण्याचा तिचा मार्ग बंद होत नाही.

या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ‘संरक्षण आदेश’ देतात. नवऱ्याने मारहाण करू नये, धमकावू नये, तिच्या कामाच्या जागी जाऊ नये, वगैरे. गरज असेल तर दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण संरक्षण आदेश म्हणजे शिक्षा नव्हे. तो दिवाणी स्वरूपाचा दिलासा आहे. म्हणून तो शस्त्र कायद्याच्या कलम 9 मध्ये येत नाही. म्हणजे एक न्यायालय लेखी म्हणतं, ‘या माणसापासून या बाईच्या जिवाला धोका आहे, याने तिला हात लावू नये’. आणि तोच माणूस कपाटात परवान्याची रिव्हॉल्व्हर ठेवून कायद्याच्या हद्दीतच राहतो.

हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. 2006 च्या नियमांमध्ये संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांची यादी आहे. दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिल्यास हिंसेत वापरलेलं शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करणं, हे नियम 10 मध्ये लिहिलेलं आहे. नियम चांगला आहे. पण ‘वापरलेलं शस्त्र’ म्हणजे काय? लाटणं वापरलं तर लाटणं जप्त होईल. ज्या रिव्हॉल्व्हरकडे नुसतं पाहिलं जातं, तिचं काय करायचं, ते नियमात नाही.

आता एक गंमत सांगतो. मी वकील नाही. पण दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा मला एक पायवाट दिसली. 2005 च्या कायद्याच्या कलम 19 मध्ये पोटकलम 3 आहे. हिंसा पुन्हा होऊ नये म्हणून दंडाधिकारी नवऱ्याकडून बॉन्ड लिहून घेऊ शकतात, जामीनदारासह किंवा त्याशिवाय. त्याच्या लगेच खालचं पोटकलम 4 म्हणतं, की हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचाच आदेश मानला जाईल. आणि आठव्या प्रकरणाखाली बॉन्ड दिलेल्या माणसाला मुदतभर शस्त्र ठेवता येत नाही, हे तर शस्त्र कायद्याचं कलम 9 च सांगतं. 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ही तरतूद तिच्या नवव्या प्रकरणात गेली, पण मुद्दा तोच आहे.

म्हणजे संसदेने नवा कायदा करण्याची वाट न बघताही आज, बुलढाण्याच्या, खामगावच्या, मेहकरच्या न्यायालयात, एखाद्या बाईचा वकील अर्जात एवढं लिहू शकतो: गैरअर्जदाराकडे परवान्याचं शस्त्र आहे, त्याच्याकडून कलम 19(3) खाली बॉन्ड घ्यावा, आणि आदेशाची प्रत शस्त्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवावी. वकील मित्रांनी हे तपासून पाहावं. मी चुकत असेन तर सांगावं.

*

प्रत पाठवण्याची गोष्ट मी उगाच काढली नाही. खरी अडचण तिथेच आहे. 2005 च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि त्या हद्दीतल्या ठाणेदाराला मोफत द्यायची असते. शस्त्र परवानाधारकांची माहितीही त्याच ठाण्यात असते. एकाच इमारतीत एका टेबलावर ‘या माणसापासून बायकोला धोका आहे’ असा कागद आणि दुसऱ्या टेबलावर ‘या माणसाकडे रिव्हॉल्व्हर आहे’ अशी नोंद. हे दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत. ते भेटलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि ते भेटवणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक निवडणुकीत ते घडतं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची यादी निघते, समिती बसते. कोण जामिनावर आहे, कुणाची गुन्ह्याची पार्श्वभूमी आहे, कोण पूर्वी दंगलीत होता, हे पाहिलं जातं आणि शस्त्रं ठाण्यात जमा होतात. त्या लोकांना शिक्षा झालेली नसते. ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणून कुणी छाती पिटत नाही. पावती घेतात, निकालानंतर शस्त्र परत नेतात. मतदाराला भीती वाटू नये म्हणून आपण हे करतो, आणि ते योग्यच आहे.

2024 मध्ये आपल्याकडे लोकसभेचं मतदान 26 एप्रिलला झालं आणि विधानसभेचं 20 नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आमच्या शेजाऱ्याची रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा होती. भाभी माझ्या बायकोला म्हणाल्या, “इलेक्शन में नींद अच्छी आती थी.”

सरकारला मतदाराची झोप कळते. मग त्याच मतदाराची त्याच घरातली झोप का कळू नये, एवढंच माझं विचारणं आहे.

*

गोळी सुटत नाही तोवर ही सगळी शंकाच, असं कुणाला वाटेल. तर सुटलेल्या गोळ्याही आहेत. 24 जुलै 2023 च्या पहाटे पुण्याच्या बाणेर भागात एका सहाय्यक पोलीस आयुक्ताने पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःवर झाडून घेतली. त्याची नेमणूक आपल्याच विभागात, अमरावतीला होती. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा ठाण्याजवळ कळव्यात एका बांधकाम व्यावसायिकाने घरातच पत्नीवर गोळ्या झाडल्या. बातम्यांप्रमाणे रिव्हॉल्व्हर परवान्याची होती. या दोन्ही घरांत आधी काय चाललं होतं याबद्दल मी काही म्हणत नाही, मला तो अधिकारही नाही. एवढंच म्हणतो, की हे गावगुंडांचे कट्टे नव्हते. प्रतिष्ठित घरांतली, प्रतिष्ठित माणसांच्या हातातली शस्त्रं होती. चौकशीला गेलेल्या जमादाराला अशा घरांबद्दल शेजारी काय सांगतात, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

बाहेरच्या देशांनी या प्रश्नाचं काय केलं? अमेरिकेत बंदूक हा घटनेतला हक्क आहे. तिथेही ज्याच्यावर घरगुती हिंसेबद्दल न्यायालयाचा मनाई आदेश आहे त्याला बंदूक बाळगता येत नाही, असा कायदा 1994 पासून आहे. 1996 मध्ये घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही बंदी झाली. टेक्सासमधल्या एका माणसाने मनाई आदेशाच्या तरतुदीला आव्हान दिलं. ‘अमेरिका विरुद्ध रहिमी’ या नावाने तो खटला ओळखला जातो. 21 जून 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं न्यायालयाने ठरवलेल्या माणसाकडून तात्पुरती बंदूक काढून घेणं घटनेत बसतं. जिथे हक्क आहे तिथे हे चालतं. आपल्याकडे तर मुळात सवलतच आहे.

कॅनडात परवान्याच्या अर्जावर सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला अर्जाची खबर देतात. दक्षिण आफ्रिकेच्या 1998 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात तर शस्त्र जप्तीचं स्वतंत्र कलमच आहे. आणि आपण काय केलं? दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रस्त्यावरच्या परक्या माणसापासून वाचायला बाईने बंदूक घ्यावी, हे आपल्याला सुचलं. घरातल्या माणसाच्या हातातली बंदूक काढून घ्यावी, हे सुचलं नाही.

*

आता आक्षेप. ते मला तोंडावर ऐकवले गेले आहेत, म्हणून ते टाळणार नाही.

पहिला: बायका खोट्या तक्रारी करतात. काही करत असतील. पण खोट्या तक्रारीने माणूस तुरुंगात जाणं वेगळं आणि त्याचं शस्त्र काही महिने ठाण्यात पावतीवर जमा राहणं वेगळं. तक्रार खोटी ठरली तर शस्त्र परत मिळतं. तक्रार खरी असून आपण काही केलं नाही, तर जे जातं ते परत मिळत नाही.

दुसरा: आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याला बंदूक लागते. हे मला मान्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूरकडे आणि इकडे ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक झोपवतात. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात मुद्दाम ठेवला आहे, आणि तो राहावा. मी गरज असलेल्यांबद्दल बोलत नाही. ज्याच्या घरातलं माणूस त्याला भितं, त्याच्याबद्दल बोलतो. रोह्यासाठी घेतलेली बंदूक रात्री घरातच असते.

तिसरा: सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातून देशी कट्टे येतात, पोलीस ते पकडतात, बातम्या येतात. ज्याला करायचं आहे तो कट्टा आणेल, परवानेवाल्यांच्या मागे का लागता? कट्टे पकडलेच पाहिजेत. पण कट्टा लपवून ठेवावा लागतो, आणि सापडला तर गुन्हा होतो. परवान्याच्या शस्त्राला सरकारचा शिक्का असतो. भाभींची भीती त्या शिक्क्यामुळे वाढली होती. “सरकारने दी है उनको,” असं त्या म्हणत. कुणाकडे तक्रार करायची?

चौथा आक्षेप आपल्या लोकांचा, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. ‘मुसलमानाला परवाना मिळतोच कुठे? जो मिळाला तोही तुम्ही घालवणार? उद्या कुठल्याही मुसलमानाला ‘अयोग्य’ ठरवायला हे हत्यार सापडेल.’ ही भीती पोकळ नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीचा मार कमजोराला आधी बसतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. म्हणूनच मी मर्जी वाढवा म्हणत नाही. उलट ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ या मोघम शब्दांऐवजी नेमकं लिहा म्हणतो: न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल तर तेवढ्या मुदतीपुरतं शस्त्र जमा. धर्म, जात, पक्ष काही न बघता, आदेश बघून. कारण लेखी, अपील खुलं. नेमका नियम कमजोराला वाचवतो. आणि आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांत कमजोर कोण, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारावा. तो परवानाधारक खासच नव्हे.

*

राहिली दीनची गोष्ट. शेजाऱ्याच्या घरातलं बाहेर सांगणं म्हणजे गीबत, असं मीही मानत होतो आणि त्या सहीच्या वेळी मला त्याचा आधार वाटला होता. नंतर एका आलिमांनी मला फातिमा बिन्ते कैस (र.) यांची हदीस सांगितली. सहीह मुस्लिममध्ये ती आहे. तलाकनंतर त्यांना दोन स्थळं आली आणि त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला मागितला. प्रेषितांनी (स.) आडपडदा ठेवला नाही. एकाबद्दल सांगितलं की त्याची काठी खांद्यावरून खाली उतरत नाही, म्हणजे तो मारकुटा आहे. दुसऱ्याबद्दल, की त्याच्याकडे पैसा नाही. आणि तिसऱ्याचं नाव सुचवलं. जिथे कुणाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे आणि आपल्याला विचारलं जात आहे, तिथे खरं सांगणं ही गीबत नाही, हे उलेमांनी याच हदीसवरून ठरवलं आहे.

मला विचारलं गेलं होतं. मी अमानत बुडवली.

सूरह निसामध्ये साक्ष देताना स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरोधात जावं लागलं तरी न्यायावर उभं राहण्याची आज्ञा आहे. त्यात शेजाऱ्याला सूट नाही. त्याच सूरहमधली 34 वी आयत पुढे करून मारहाणीचं समर्थन करणाऱ्यांना एवढंच सांगतो: प्रेषितांनी (स.) आयुष्यात कधी कुठल्या स्त्रीवर किंवा सेवकावर हात उचलला नाही, हे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलं आहे. घरातलं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि थट्टेतसुद्धा आपल्या माणसावर शस्त्र रोखू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मग ज्या शस्त्राकडे नुसतं पाहून कुणाला गप्प केलं जातं, त्याचा हिशेब काय होईल?

*

2025 मध्ये परवान्याची पाच वर्षांची मुदत संपली. नूतनीकरणासाठी पुन्हा चौकशी आली. जमादार नवे होते, प्रश्न तोच होता. मी त्यांच्याकडून दोन-तीन दिवस मागून घेतले. कारण हे माझ्या एकट्याच्या सद्सद्विवेकाचं काम नव्हतं. मी खरं सांगितलं तर त्याचा राग कुणावर निघेल, ते उघड होतं. माझ्या बायकोने भाभींना विचारलं. त्या एक दिवस काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माहेरी, भावाकडे गेल्या आणि तिथून फोनवर म्हणाल्या, “लिख दो, भाईजान को बोलो.”

मी जमादारांना सांगितलं, की व्यवहाराला माणूस चोख आहे, पण घरात मारहाण होते, मला ऐकू येते, आणि त्याच्या पत्नीला तिच्या भावाच्या घरी एकटं भेटून, महिला पोलिसासमोर विचारावं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “सर, याला फॉर्ममध्ये रकाना नाही.” मी म्हणालो, बयानात लिहा. त्यांनी लिहिलं. भला माणूस होता तोही.

रिव्हॉल्व्हर सध्या ठाण्यात जमा आहे. नूतनीकरणाचा निर्णय झालेला नाही. शेजारी माझा सलाम घेत नाही. मशिदीत सफ बदलून उभा राहतो. भाभी दीड महिन्याने परत आल्या. आता भिंतीपलीकडून पूर्वीसारखं काही ऐकू येत नाही, पण त्यावर मी फार विसंबत नाही. भावाचा फोन दर जुम्म्याला येतो, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर माझ्या बायकोने त्यांना पाठ करवला आहे.

तो रकाना मात्र अजून नाही. परवान्याच्या चौकशीत पती किंवा पत्नीला वेगळं भेटून विचारावं, आणि संरक्षण आदेशाची प्रत शस्त्र परवाना शाखेत जावी: या दोन गोष्टींसाठी संसद लागणार नाही, जिल्ह्याच्या पातळीवरचं एक पत्रक पुरेल असं मला वाटतं. तसा विनंतीअर्ज मी लिहितो आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी कळवावं. आणि तुमच्या दारात जमादार आले, ‘माणूस कसा आहे’ म्हणाले, तर उत्तर देण्याआधी भिंतीपलीकडून काय ऐकू येतं ते आठवा. मी आठवलं नव्हतं.